बांधकाम साहित्य (महाराष्ट्र व गोवा)

इमारत, रस्ता, पूल, धरण इत्यादी वास्तूंच्या उभारणीसाठी वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक व कृत्रिम पदार्थांना बांधकाम साहित्य म्हणतात. दगड, माती, लाकूड, चुना, वाळू ही नैसर्गिक अथवा अल्प प्रक्रिया केलेली साहित्ये होत. वीट, कौल, सिमेंट, काँक्रीट, पोलाद ही निर्मित साहित्ये होत. कोणतेही साहित्य सर्व ठिकाणी व सर्व कामांसाठी सारखेच योग्य ठरत नाही. त्याचे गुणधर्म, ते वास्तूच्या कोणत्या भागात वापरावयाचे आहे, तेथील हवामान व जमीन, उपलब्ध कारागिरी आणि खर्च यांचा एकत्रित विचार करून निवड करावी लागते.

महाराष्ट्र व गोवा या प्रदेशांत साहित्याची विविधता मोठी आहे. दख्खनच्या पठारावर काळा दगड, कोकण व गोव्यात जांभा, मराठवाड्यात दगड व पांढरी माती, पूर्व विदर्भात सागवान व चुनखडक अशी स्थानिक साहित्याची परंपरागत विभागणी दिसते. विसाव्या शतकात सिमेंट व पोलाद यांनी ही विभागणी बरीचशी पुसून टाकली. मात्र हवामान, जमीन व भूकंपप्रवणता यांतील भेद कायम राहिल्याने निवडीचा प्रश्न संपलेला नाही.

== प्रमुख गुणधर्म ==

बल : साहित्यावर पडणारा भार तीन प्रकारे कार्य करतो. दाबामुळे ते चिरडले जाऊ शकते, ताणामुळे तुटू शकते आणि कर्तनामुळे एक भाग दुसऱ्यावरून सरकू शकतो. दगड, वीट व काँक्रीट दाब उत्तम सहन करतात. ताणापुढे मात्र ते दुबळे असतात. काँक्रीटचे ताणबल त्याच्या दाबबलाच्या साधारण एक दशांश असते. पोलाद ताण व दाब दोन्ही सहन करते. लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट व आडव्या दिशेने कमकुवत असते. बल ‘न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर’ या एककात सांगतात. एक न्यूटन प्रति चौ. मिमी. म्हणजे सुमारे दहा किलोग्रॅम प्रति चौ. सेंमी. होय.

घनता : वास्तूचे स्वतःचे वजन घनतेवर अवलंबून असते. जड भिंतीला मोठा पाया लागतो. भूकंपात वास्तूवर येणारे आडवे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून उंचावरील भागांत हलके साहित्य श्रेयस्कर ठरते.

सच्छिद्रता व जलशोषण : छिद्रांवाटे पाणी आत शिरते, क्षार वर आणते आणि पुढे भिंतीस ओल व लोणा लागतो. जलशोषण जितके अधिक, तितकी पावसाळी प्रदेशात संरक्षणाची गरज अधिक.

तन्यता व ठिसूळपणा : तन्य पदार्थ तुटण्यापूर्वी वाकतो, लांबतो व धोक्याची सूचना देतो. ठिसूळ पदार्थ अकस्मात फुटतो. पोलाद तन्य, तर दगड व वीट ठिसूळ होत.

उष्णतेविषयीचे गुणधर्म : ऊष्मासंवाहकता कमी असलेल्या साहित्यामुळे घर उन्हाळ्यात थंड राहते. माती, लाकूड व हलके सच्छिद्र ठोकळे उष्णता मंदगतीने वाहून नेतात. काँक्रीटची संवाहकता विटेच्या जवळजवळ दुप्पट असते. विदर्भात उघड्या स्लॅबखालील खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते, त्याचे हे एक कारण होय.

टिकाऊपणा : पाऊस, ऊन, खारी हवा, वाळवी, बुरशी व आग यांस तोंड देण्याची क्षमता म्हणजे टिकाऊपणा. बल व टिकाऊपणा हे भिन्न गुण आहेत. बळकट पोलाद खाऱ्या हवेत गंजते आणि तुलनेने दुबळा जांभा योग्य संरक्षण मिळाल्यास शतकानुशतके टिकतो.

== दगड ==

=== काळा दगड ===

बेसाल्ट या अग्निजन्य खडकास महाराष्ट्रात काळा दगड किंवा काळा पाषाण म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले; त्याचे आजचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौ. किमी. आहे. हा दगड कठीण, घट्ट व अत्यल्प पाणी शोषणारा असतो. वेरूळचे कैलास लेणे, सह्याद्रीतील गडकोट, नदीकाठचे घाट व जुन्या वाड्यांची जोती यांत तो दिसतो. तो घडविण्यास श्रम पडतात, म्हणून जुन्या बांधकामात दर्शनी भागास घडीव दगड व आत ओबडधोबड दगड वापरीत. पाया, जोते, संरक्षक भिंत व काँक्रीटसाठी लागणारी खडी यांकरिता तो आजही मुख्य आधार आहे.

सर्व काळा दगड मात्र सारखा नसतो. लाव्हाथराच्या मध्यभागातील दगड एकसंध, तर वरच्या भागातील दगड वायूंच्या पोकळ्यांमुळे सच्छिद्र असतो. झिजलेल्या खडकापासून होणारा मुरूम जोत्यात व फरशीखाली भरावासाठी वापरतात. तो भार पेलणाऱ्या बांधकामाचा दगड म्हणून उपयोगी नसतो.

=== जांभा ===

उष्ण व पावसाळी हवामानात खडकातील विद्राव्य घटक वाहून जाऊन लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात आणि तांबूस, सच्छिद्र जांभा तयार होतो. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये केरळमधील अंगाडिपुरम येथील खडकाचे वर्णन करताना त्यास वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. हा खडक खाणीत मऊ असल्याने चिऱ्यांच्या आकारात कापता येतो आणि हवेत उघडा राहिल्यावर कठीण होत जातो. म्हणून चिरे कापल्यानंतर काही काळ वाळू देऊन मगच भिंतीत बसविणे इष्ट असते.

जांभ्याचे दाबबल काळ्या दगडाच्या तुलनेत फार कमी असते. भारतीय मानकानुसार बांधकामाच्या जांभ्याचे दाबबल किमान ३.५ न्यूटन प्रति चौ. मिमी. असावे. एक-दोन मजली भार पेलणाऱ्या भिंतींना ते पुरेसे असते. पावसाच्या थेट माऱ्यापासून त्याला जपावे लागते. याकरिता कोकणात लांब पागोळ्या, उतरते छप्पर व चुन्याचा गिलावा यांची जोड दिली जाते.

जुने गोवे येथील बॉम जेझूस चर्चचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १५९४ मध्ये बांधण्यास आरंभ झालेली व १६०५ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू मुख्यतः जांभ्याची असून तिच्या दर्शनी भागावर काळ्या दगडातील नक्षीकाम आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास जीर्णोद्धाराच्या वेळी तिच्या बाहेरील भिंतींवरील चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला. तेव्हापासून उघड्या पडलेल्या जांभ्याची पावसाने झीज होत असून गिलावा पुन्हा करावा काय, हा संवर्धनातील चर्चेचा विषय झाला आहे. आज ओळखीची झालेली तिची तांबडी भिंत मूळ बांधणाऱ्यांनी उघडी ठेवलेली नव्हती.

=== इतर दगड ===

मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक इमारतींत कुर्ला व मालाड येथील पिवळसर दगड आणि काठेवाडातील पोरबंदरचा चुनखडक वापरला गेला. चुनखडक कोरीव कामास सोपा, परंतु आम्लधर्मी धुराने झिजणारा असतो. फरशीसाठी कर्नाटकातील शहाबादी, आंध्र प्रदेशातील कडप्पा आणि राजस्थानातील कोटा हे दगड महाराष्ट्रभर प्रचलित आहेत.

== माती व वीट ==

मातीच्या भिंती उष्णता रोखतात, स्वस्त असतात आणि पाडल्यावर ती माती पुन्हा वापरता येते. पाणी हा त्यांचा मुख्य शत्रू होय. मराठवाडा व सोलापूर भागात लाकडी तुळया व फळ्या यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन सपाट छप्पर करीत; त्यास माळवद किंवा धाबे म्हणतात. कमी पावसाच्या प्रदेशात ते थंडावा देते. पण गळती थांबविण्यासाठी दरवर्षी नवी माती टाकण्याच्या प्रथेमुळे त्याचे वजन वाढत जाते.

काळी माती पाणी शोषून फुगते व वाळताना आकसून भेगाळते. तिच्यापासून केलेल्या विटा वाळताना तडकतात. म्हणून तीत वाळू, राख इत्यादी मिसळावी लागते. अशा जमिनीवर उथळ पाया घातल्यास भिंतींना तिरप्या भेगा पडतात. त्यामुळे पाया मुरमापर्यंत खोल नेणे अथवा तळाशी फुगीर असलेले खांब जमिनीत घालून त्यांवर तुळई टाकणे हे उपाय करतात.

भाजलेली वीट साधारण ९०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमानास तयार होते. भारतीय मानकाने ठरविलेला विटेचा आकार १९ × ९ × ९ सेंमी. आहे, मसाल्यासह तो २० × १० × १० सेंमी. धरला जातो, म्हणजे एक घनमीटर बांधकामास सुमारे ५०० विटा लागतात. प्रत्यक्षात नऊ इंची विटाही सर्रास वापरात आहेत. विटेचा वर्ग तिच्या किमान दाबबलावरून ठरतो. सर्वांत खालचा वर्ग ३.५ चा आहे. सामान्य वर्गांच्या विटेने २४ तास पाण्यात ठेवल्यावर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असा दंडक आहे.

औष्णिक विद्युत केंद्रांतील कोळशाच्या राखेपासून फ्लाय ॲश विटा करतात. चंद्रपूर, कोराडी, परळी, एकलहरे या केंद्रांमुळे महाराष्ट्रात अशी राख मोठ्या प्रमाणावर मिळते. केंद्र शासनाने १९९९ मध्ये अधिसूचना काढून औष्णिक केंद्रांच्या परिसरात विटा करताना राखेचा वापर बंधनकारक केला. या विटा आकाराने एकसारख्या असतात व त्यांना भट्टी लागत नाही. वाफेच्या दाबाखाली पक्व केलेले हलके काँक्रीट ठोकळे, म्हणजेच एएसी ठोकळे, विटेच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे असल्याने उंच इमारतींच्या भरावाच्या भिंतींसाठी वापरतात.

== चुना ==

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली असता तीतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जाऊन चुनकळी उरते. तिच्यावर पाणी टाकल्यावर उष्णता निर्माण होऊन विरलेला चुना मिळतो. भिंतीत वापरल्यावर तो हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटात रूपांतरित होतो व कठीण बनतो. ही क्रिया संथ असते. चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीपासून मिळणारा चुना पाण्याखालीही घट्ट होतो.

पूर्वी चुना, वाळू व विटांचा चुरा बैलांनी ओढलेल्या दगडी चाकाच्या घाणीत मळून मसाला तयार करीत. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी मिसळण्याची प्रथा होती. चुन्याचा मसाला सिमेंटपेक्षा दुबळा, पण लवचीक असतो. भिंतीची किरकोळ हालचाल तो सामावून घेतो आणि आतील ओल बाहेर जाऊ देतो.

== सिमेंट ==

जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले. चुनखडी व चिकणमाती यांचे मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजून, मिळालेल्या गोळ्या थोड्या जिप्समसह दळून सिमेंट करतात. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्हा चुनखडकामुळे या उद्योगाचे केंद्र झाला आहे.

साध्या पोर्टलंड सिमेंटच्या ३३, ४३ व ५३ या श्रेणी म्हणजे प्रमाणित मसाल्याच्या घनाचे २८ दिवसांनंतरचे किमान दाबबल होय. श्रेणी मोठी म्हणजे सिमेंट सर्व कामांसाठी चांगले, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात विटकाम व गिलावा यांस ५३ श्रेणीची आवश्यकता नसते. तिच्यामुळे उष्णता लवकर निर्माण होऊन गिलाव्यास भेगा पडण्याचा संभव वाढतो. राखमिश्रित पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते. ते सुरुवातीस मंद गतीने बळ धरते, परंतु कालांतराने अधिक घट्ट व क्षारांस दाद न देणारे काँक्रीट देते. त्यामुळे किनारी भागात ते उपयुक्त ठरते. मात्र त्यावर अधिक दिवस पाणी मारावे लागते.

सिमेंट हवेतील ओलावा शोषून निकामी होते. ५० किग्रॅ.च्या गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवाव्यात. साठवणुकीच्या तीन महिन्यांत त्याचे बल सुमारे एक पंचमांशाने घटते.

== वाळू, खडी व पाणी ==

वाळूत माती व गाळ असल्यास सिमेंट तिला नीट चिकटत नाही. ओलसर वाळू फुगते. चार-पाच टक्के ओलावा असताना तिचे आकारमान सुमारे पाव हिश्शाने वाढू शकते. म्हणून घमेल्याने मोजून मिश्रण करताना ओल्या वाळूचे प्रमाण नकळत कमी पडते.

नदीपात्रांतील बेसुमार उपशामुळे पात्रे खोल जाणे, भूजल घटणे व पुलांचे पाये उघडे पडणे असे परिणाम दिसू लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात लहान क्षेत्रातील गौण खनिज उत्खननासही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. त्यानंतर काळा दगड दळून केलेल्या कृत्रिम वाळूचा वापर महाराष्ट्रात वेगाने वाढला. चांगल्या कृत्रिम वाळूचे कण घनाकार असतात आणि तीतील बारीक भुकटी धुऊन काढलेली असते. खडीयंत्राची निव्वळ कच म्हणजे कृत्रिम वाळू नव्हे.

समुद्राची वाळू व खारे पाणी लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटला घातक असते. भारतीय मानकानुसार अशा काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडाचे प्रमाण प्रति लिटर ५०० मिग्रॅ.पेक्षा अधिक नसावे.

== काँक्रीट व पोलाद ==

काँक्रीट दाब आणि पोलादी सळई ताण सहन करते. दोहोंचे उष्णतेने होणारे प्रसरण जवळजवळ सारखे असल्याने ते एकजीव राहतात. प्रबलित काँक्रीटचे हे मूलतत्त्व होय. त्याची किमान श्रेणी ‘एम २०’ असावी, असे भारतीय मानक सांगते. ‘एम’ म्हणजे मिश्रण आणि २० हा आकडा १५ सेंमी. घनाचे २८ दिवसांनंतरचे दाबबल दर्शवितो. किनारी प्रदेशात, वातावरणाच्या तीव्रतेनुसार, एम ३० किंवा त्याहून वरची श्रेणी लागते.

काँक्रीटचे बल मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. सिमेंटच्या रासायनिक क्रियेस लागते त्याहून अधिक टाकलेले पाणी पुढे उडून जाते व मागे पोकळ्या ठेवते. मिश्रण सहज पसरावे म्हणून त्यात पाणी वाढविणे ही छोट्या बांधकामांतील सर्वांत सामान्य व सर्वांत महाग पडणारी चूक आहे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी मारून ते ओले ठेवावे लागते.

सळ्या ‘एफई ४१५’, ‘एफई ५००’ इत्यादी श्रेणींत मिळतात. आकडा उत्पत्तिबल दर्शवितो. ‘५०० डी’ या प्रकारात तुटण्यापूर्वी लांबण्याची क्षमता किमान १६ टक्के, तर साध्या ५०० मध्ये १२ टक्के असावी लागते. भूकंपप्रवण भागात ‘डी’ प्रकार निवडण्याचे कारण ही अधिक तन्यता होय. सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते व वरचे काँक्रीट फुटून पडते. म्हणून सळईवरील काँक्रीटचे आच्छादन पुरेसे जाड ठेवतात : सौम्य वातावरणात किमान २० मिमी., तर तीव्र वातावरणात ४५ मिमी. सळ्यांखाली ठोकळे न ठेवता स्लॅब ओतल्यास हे आच्छादन नाहीसे होते. त्याचा परिणाम मात्र दहा-पंधरा वर्षांनी दिसतो.

== लाकूड ==

साग हा महाराष्ट्रातील इमारती लाकडाचा आदर्श मानला जातो. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे. त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी लवकर लागत नाही आणि वाळताना तो फारसा वेडावाकडा होत नाही. ऐन, शिसव, फणस, बाभूळ हेही स्थानिक वापरात आहेत. लाकूड हलके, लवचीक व काम करण्यास सोपे असते. ओल, वाळवी व आग ही त्याची भये होत. जाड तुळईचा बाह्य भाग जळून कोळसा होतो व आतील गाभ्याचे काही काळ रक्षण करतो. तरीही सर्व मजले लाकडी असतील तर मोठ्या आगीत वास्तू टिकत नाही. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. त्याची दगडी जोती व तटबंदी तेवढी उरली.

== छपराचे साहित्य ==

कोकणात पूर्वी गवत व नारळीच्या झावळ्या, नंतर कुंभारी नळीची कौले आणि पुढे मंगळुरी कौले आली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. ही सपाट, एकमेकांत अडकणारी कौले नळीच्या कौलांपेक्षा कमी संख्येने लागतात व वाऱ्याने सहज सरकत नाहीत. पत्रा हलका व स्वस्त असतो. परंतु तो तापतो आणि वादळात नीट बांधलेला नसल्यास उडतो. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास गंभीर रोग होतात, म्हणून जुने सिमेंटी पत्रे कापताना किंवा फोडताना विशेष दक्षता घ्यावी लागते.

== तुलनात्मक तक्ता ==

खालील मूल्ये अंदाजे आहेत. प्रत्यक्ष बांधकामासाठी चाचणी आवश्यक असते.

| साहित्य | घनता (किग्रॅ. प्रति घ. मी.) | दाबबल (न्यूटन प्रति चौ. मिमी.) | योग्य वापर |
|---|---|---|---|
| काळा दगड | २,८००–३,००० | १००–२५० | पाया, जोते, खडी |
| जांभा | १,६००–२,२०० | २–५ | एक-दोन मजली भिंती |
| भाजलेली वीट | १,६००–१,९०० | ३.५–१० | भिंती |
| एएसी ठोकळा | ५५०–६५० | ३–४ | भरावाच्या भिंती |
| काँक्रीट | सु. २,४०० | २०–४० | खांब, तुळया, स्लॅब |
| सागवान | ६००–७०० | ४०–६० (तंतूंच्या दिशेने) | दारे, खिडक्या, छप्पर |
| पोलादी सळई | ७,८५० | ४१५–५०० (उत्पत्तिबल) | काँक्रीटमधील ताण |

== साहित्यनिवड व किल्लारीचा भूकंप ==

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६ च्या थोडी वर होती. या मानाने जीवितहानी फार मोठी झाली, कारण लोक झोपेत होते आणि त्यांच्या घरांची रचना अत्यंत जड होती. ओबडधोबड गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती आणि त्यांसोबत मातीचे वजनदार माळवद ही तेथील घरांची सामान्य रीत होती. भिंतीचा आतील व बाहेरील थर स्वतंत्र रचून मधे दगड-मातीची भर घातलेली असे. दोन्ही थरांस जोडणारे आरपार दगड नसल्याने हादऱ्यासरशी ते फुगून अलग झाले व भिंती कोसळल्या.

भिंतीच्या आत लाकडी खांब व तुळयांचा सांगाडा असलेल्या काही घरांत भिंती पडल्या, पण छप्पर सांगाड्यावर तरून राहिले. तेव्हा दोष एकट्या दगडाचा नव्हता. कमजोर मसाला, जोड नसलेली रचना आणि डोक्यावरील अनावश्यक वजन हे तिन्ही एकत्र आले होते. त्यानंतर सुचविलेल्या उपायांत भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारे दगड घालणे, कोपरे सांधणे, दारांच्या माथ्यावर व छपराखाली सलग काँक्रीटचा पट्टा देणे आणि माळवदावरील माती कमी करणे यांचा समावेश होता. भूकंपविषयक मानकाच्या २००२ मधील आवृत्तीत पहिला भूकंपविभाग रद्द झाला आणि लातूर परिसर तिसऱ्या विभागात धरण्यात आला.

सिमेंट-पोलादाचे घर आपोआप सुरक्षित असते, हा या घटनेवरून काढला जाणारा निष्कर्षही अपुरा आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादसारख्या दूरच्या शहरात प्रबलित काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवणे व खांबांतील कड्या अपुऱ्या असणे ही त्यामागील कारणे होती.

== प्रदेशानुसार निवड ==

* कोकण व गोवा : जोरदार पाऊस व खारी हवा. जांभा, उतरते कौलारू छप्पर व लांब पागोळ्या योग्य ठरतात. काँक्रीट वापरल्यास घट्ट मिश्रण व जाड आच्छादन आवश्यक असते.
* पश्चिम महाराष्ट्राचे पठार : काळा दगड व वीट सुलभ. काळ्या मातीत पायाची विशेष काळजी घ्यावी लागते.
* मराठवाडा : उन्हाळा तीव्र, भूकंपाचा अनुभव ताजा. हलके छप्पर, चौकटीची जोड आणि उष्णता रोखणाऱ्या भिंती यांचा मेळ घालावा लागतो.
* विदर्भ : अतिशय कडक उन्हाळा. राखेच्या विटा व ठोकळे सहज उपलब्ध. स्लॅबवर उष्णतारोधक थर किंवा पांढरा परावर्तक रंग उपयोगी पडतो.

== जागेवरील परीक्षा ==

प्रयोगशाळेतील चाचणीस पर्याय नसला, तरी काही साध्या परीक्षांनी निकृष्ट माल ओळखता येतो. दोन विटा एकमेकींवर आपटल्यास खणखणीत आवाज यावा; नखाने ओरखडा उठू नये; सुमारे एक मीटर उंचीवरून टाकल्यास वीट फुटू नये. काचेच्या बरणीत वाळू व पाणी हलवून ठेवल्यास गाळाचा थर वर बसतो व त्याची जाडी मोजता येते. सिमेंटमध्ये हात घातल्यास थंड लागावे आणि गुठळ्या नसाव्यात. सागवानावर ठोकल्यास स्वच्छ आवाज येतो. पोकळ आवाज आतील कुज सुचवितो. काँक्रीटचे घन मात्र चाचणीसाठी प्रयोगशाळेतच पाठवावे लागतात.

== जुन्या वास्तूंची दुरुस्ती ==

दुरुस्तीचे साहित्य मूळ साहित्याशी मिळतेजुळते असावे. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा दिल्यास आतील ओल अडकून राहते आणि क्षार दगडाचा पृष्ठभाग फोडतात. त्यामुळे किल्ले, वाडे व देवळे यांच्या संवर्धनात चुन्याचा वापर पुन्हा केला जात आहे. प्रबलित काँक्रीटच्या इमारतींबाबत मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मालकांवर बंधनकारक आहे. सळ्यांच्या रेषेत पडणाऱ्या भेगा, तांबूस डाग व पोकळ आवाज ही गंज लागल्याची आरंभीची लक्षणे होत.

== पर्यावरणीय विचार ==

जगातील कार्बन डाय-ऑक्साइडच्या मानवनिर्मित उत्सर्जनात सिमेंट उत्पादनाचा वाटा सुमारे सात-आठ टक्के आहे. चुनखडीतून सुटणारा वायू आणि भट्टीचे इंधन ही त्याची दोन कारणे होत. विटांसाठी शेतीची सुपीक माती खरवडली जाते व जांभ्याच्या खाणींनी सडे उघडे पडतात. राखमिश्रित सिमेंट, जुन्या दगड-लाकडाचा पुनर्वापर आणि विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवणारी बांधणी हे वापर कमी करण्याचे मार्ग आहेत. या बांधणीचा प्रसार केरळमध्ये वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केला. तीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात व मधल्या पोकळीमुळे उष्णताही रोखली जाते.